पुण्याहून ‘मालगुडी’ला: गटानं शूटिंगच्या जागा कशा पाहाव्यात

सहलीचा ग्रुप तयार झाला की पहिला मेसेज ठरलेला: “लोकेशन टाका ना कुणीतरी.” टाकणार काय? मालगुडी नकाशावर नाही. लेखक आर. के. नारायण यांनी ते गाव मनात वसवलं आणि शंकर नाग यांनी १९८६ साली दूरदर्शनच्या ‘मालगुडी डेज’ मालिकेसाठी ते मुख्यतः आगुंब्यात उभं केलं. मालगुडीचं रेल्वे स्टेशन म्हणून जे दिसतं ते अरसाळू. दोन्ही ठिकाणं कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातच आहेत, पण पडद्यावर घर आणि स्टेशन एका गावात असलं तरी प्रत्यक्षात मध्ये गाडीचे दोन तास तरी जातात. हे आधी सगळ्यांच्या डोक्यात उतरवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुपारी कुणीतरी “स्टेशन चालत किती लांब?” विचारतोच.

इंटरनेटवर या सहलीबद्दल सल्ल्यांचा पाऊस आहे. बहुतेक सल्ले बाइकवरून एकट्यानं जाऊन, एक चहा पिऊन परत आलेल्यांचे आहेत. बाराजणांच्या गटाला त्यांचा उपयोग शून्य.

माणसं, गाडी, तारखा

बारा ते चौदा जण, बास. सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर घ्या, मागच्या सीटवर बॅगा. मोठी बस करू नका. गावातले रस्ते तिच्यासाठी नाहीत, आणि परतताना कुणाला उडुपीला उतरायची हुक्की आली तर आगुंबे घाट आडवा येतो. तिथल्या वळणांवर अवजड गाड्यांना बंदी लागू होत असते. शिमोगा-तीर्थहळ्ळी मार्गानं गेलात तर घाट लागतच नाही, कारण गाव घाटमाथ्यावर आहे.

गाडीवाल्याकडून कोटेशन घेताना कर्नाटकचा परमिट आणि टॅक्स, टोल, ड्रायव्हरचा भत्ता आणि त्याच्या झोपण्याची सोय हे सगळं त्यात धरलंय का, ते लेखी घ्या. पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीवाल्या ओळखीच्या माणसाला तर अजिबात सांगू नका. पैसे आधी, जीपेवर, परत न मिळण्याच्या बोलीवर. “बघतो, कळवतो” म्हणणारा येत नसतो.

पावसाळ्यात जाऊ नका. “हिरवंगार असतं हो” असं सांगणाऱ्याला विचारा, तिथं दिवसभर फिरलास का? आगुंब्यात वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्याच्या जवळजवळ दसपट. जून ते सप्टेंबर तुम्ही खिडकीत बसून धुकं बघाल आणि पायाच्या जळवा काढाल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

निघायच्या आधीची बैठक हॉटेलात न घेता बालेवाडीला आर. के. लक्ष्मण संग्रहालयात घ्या. वेळ आधी बघून घ्या. लक्ष्मण हे नारायण यांचे धाकटे भाऊ, मालिकेतली रेखाटनं त्यांची, आणि शेवटची वर्षं ते पुण्यात होते. या संग्रहालयात मालगुडीची छोटी प्रतिकृती केली आहे. ती सगळ्यांनी पाहिली की एक फायदा होतो: चित्रातलं मालगुडी वेगळं आणि शूटिंगचं गाव वेगळं, हे न बोलता पटतं. टायटलमधल्या चित्रासारखी गल्ली शोधत आगुंबेभर फिरणारी माणसं मग कमी होतात.

पिकअप एकच ठेवा. कोथरूडवाल्याला कोथरूडला, हडपसरवाल्याला हडपसरला आणि वाकडवाल्याला सोसायटीच्या गेटवर गाडी हवी असते. सगळ्यांची मनं राखलीत तर पुण्यातून बाहेर पडायलाच दीड तास जाईल. पहाटे पाचला नवले पुलाजवळ, ज्याला यायचंय त्यानं रिक्षा करून यावं. रस्ता सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, हावेरी, शिमोगा. आगुंब्यापर्यंत जवळजवळ सातशे किलोमीटर होतात. एका दमात करू नका. पहिला मुक्काम शिमोग्याला.

फ्रेमची वही: इथंच बहुतेक सहली फसतात

बाकी सगळं कुठलीही ट्रॅव्हल कंपनी करून देईल. फ्रेम म्हणजे मालिकेतलं थांबवलेलं दृश्य; ते जिथून टिपलं ती जागा शोधायची तयारी मात्र तुमची तुम्हालाच करावी लागते, आणि आमचंही पहिल्यांदा इथंच घोडं अडलं होतं.

“तिथं गेल्यावर कुणालाही विचारा, गावकरी दाखवतात.” हा सल्ला मला ऐकवत नाही. गावकरी दाखवतात, अगदी प्रेमानं दाखवतात. पण ते घर दाखवतात. तुम्हाला हवी असते ती पायरी, तो खांब, गल्लीचं ते वळण. चाळीस वर्षांपूर्वी कॅमेरा कुठं लावला होता हे सांगू शकणारी माणसं आता म्हातारी झाली आहेत, आणि येणारा प्रत्येक पर्यटक त्यांना तेच विचारतो. त्यांना का छळायचं? घरून तयारी करून जा.

मालिकेचे भाग पुन्हा बघा. मोबाइलवर नाही, टीव्हीवर किंवा लॅपटॉपवर, हातात वही घेऊन. बाहेरचं दृश्य आलं की थांबवा, स्क्रीनशॉट घ्या, भाग आणि मिनिट लिहा. घरातली दृश्यं सरळ सोडून द्या. आत सामान मांडलेलं असतं, प्रकाश सोडलेला असतो, आणि दाराबाहेरचं दृश्य एका ठिकाणी व दाराआतलं दुसरीकडे, हे मालिकांत नेहमीचंच आहे. आतल्या दृश्यांवर वेळ घालवणाऱ्याला ग्रुपनं वेळीच आवरावं.

स्क्रीनशॉट घेताना एक तपासा. मालिका जुन्या टीव्हीच्या चौकोनी पडद्यासाठी केलेली आहे. काही ठिकाणी ती रुंद पडद्यात बसवण्यासाठी ताणलेली किंवा वर-खाली कापलेली सापडते. दृश्यात सायकल किंवा बैलगाडी असेल तर चाक बघा. चाक अंड्यासारखं दिसलं तर ते चित्र फेका, दुसरी प्रत शोधा. ताणलेल्या चित्रावरून जागा जुळत नाही म्हणजे नाही.

मग प्रत्येक चित्रावर पेन घेऊन बसा. जे चाळीस वर्षांत बदलतं ते खोडा: झाडं, रंग, पाट्या, कुंपणं, कौलं. एवढ्या पावसात छपरं बदलावीच लागतात, त्यामुळे छपरावरून घर ओळखणारे हमखास चुकतात. जे टिकतं त्याला गोल करा: दगडी जोतं, पायऱ्या, लाकडी खांबाच्या खालचा दगड, रस्त्याचा फाटा, आणि सगळ्यात भरवशाची म्हणजे मागची डोंगराची कड. ज्या चित्रात गोल करण्यासारख्या दोन गोष्टी नाहीत ते बाद. कितीही आवडतं असलं तरी बाद. मालिकेतली पोरं, स्वामी आणि मणी, झाडाखाली बसलेत एवढ्यावरून झाड शोधायला जाऊ नका.

दोन गोष्टी का? कारण जागा जुळवायची युक्ती तीच आहे. एक जवळची वस्तू आणि एक लांबची घ्या, समजा खांबाची कड आणि डोंगराचा उतार. चित्रात खांब उताराला जिथं छेदतो तिथंच समोर छेदेपर्यंत डावी-उजवीकडे सरका. ते जमलं की पुढे-मागे सरका. समोरचा खांब डोंगराच्या मानानं चित्रातल्यापेक्षा मोठा दिसत असेल तर तुम्ही फार जवळ आहात. मागं जा आणि मग झूम करा. लोक नेमकं उलटं करतात: जवळ जाऊन रुंद फोटो काढतात आणि म्हणतात, “हे ते नाहीच.” आणखी एक, दृश्यात पोरं असतील तर खाली बसून बघा. कॅमेरा बऱ्याचदा पोरांच्या उंचीला असतो, आणि आपण मोबाइल डोळ्यासमोर धरून भांडत बसतो.

भांडणं होणारच. एका ओट्यावरून आमच्यात चांगलीच जुंपली होती. डोंगराची कड जुळत होती, जोतं जुळत होतं, पण चित्रात पायऱ्या चार आणि समोर तीन. निम्म्यांचं म्हणणं, घर चुकलं. शेवटी एकीनं चप्पल काढून टाचेनं माती उकरली. रस्त्यावर खडी-डांबराचे थर चढत गेले होते, चौथी पायरी त्याखाली निम्मी दिसत होती. तेव्हापासून वहीत ‘जमीन वर आलेली असू शकते’ ही ओळ कायमची आहे. पायऱ्या मोजताना वरून मोजा, खालून नाही.

सावल्याही लिहून ठेवा. चित्रात सावली लांब असेल तर सकाळी किंवा संध्याकाळी जा. भर दुपारी तीच भिंत ओळखू येत नाही.

चित्रं कागदावर छापून न्या. आगुंब्यात मोबाइलच्या रेंजवर विसंबू नये, आणि उन्हात पडदा दिसत नाही. ए-फोरवर दोन चित्रं, खाली भाग, मिनिट आणि गोल केलेल्या खुणा. दोघादोघांच्या जोड्या करा आणि प्रत्येक जोडीला तिचीच चित्रं द्या. सगळ्यांना सगळी दिलीत तर सगळे एकाच चित्रावरून रस्त्याच्या मधोमध उभे राहतात आणि मागं एसटीवाला हॉर्न देतो. एका दिवसाला गटाची दहा चित्रं पुष्कळ झाली. वीस मिनिटांत जुळलं नाही तर पुढं चला. पंचवीस-तीस चित्रांचा हट्ट धरणाऱ्या सहलीत तिसऱ्या तासाला निम्मे लोक चहाच्या टपरीवर सापडतात.

जुळवण्याच्या नादात पाचोळ्यात, झुडपात शिरू नका. हा किंग कोब्राचा प्रदेश आहे, त्यांच्या अभ्यासासाठी रोम्युलस व्हिटेकर यांनी इथं संशोधन केंद्र काढलं ते उगाच नाही. बंद बूट घाला. ड्रोन घरी ठेवा, जवळ अभयारण्य आहे.

दोड्ड मने

स्वामीचं घर म्हणून लोक आगुंब्यातल्या ज्या वाड्याकडे येतात तो हा. त्यात कुटुंब राहतं. सेट नव्हे, घर. आधी फोन करा, किती जण येणार ते खरं सांगा. राहायची सोय होईल का हे विचारा, गृहीत धरू नका. चौदाजण एकदम दारात उभे राहिलात तर घरच्यांनी स्वयंपाक सोडून तुमच्याकडे बघायचं का? चार-चारच्या गटानं जा, बाकीचे गावात फिरू देत. चपला बाहेर. कुठल्या खोलीत जायचं ते त्यांनी सांगावं. दरपत्रक मागू नका आणि घासाघीस तर नाहीच. गटाचं पाकीट आधीच तयार ठेवा आणि निघताना घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात द्या. एल. वैद्यनाथन यांची मालिकेची ती धून स्पीकरवर लावायचा मोह प्रत्येक गटात एकाला तरी होतोच. त्याला गाडीतच लावू द्या, ओट्यावर नाही. ती माणसं चाळीस वर्षं ऐकताहेत.

अरसाळू

शिमोग्याहून सकाळी निघा, तासाभराच्या आसपास लागतो. जुन्या स्टेशनची दुरुस्ती करून तिथं मालगुडी संग्रहालय केलंय, शेजारी जुन्या डब्यात चहाची सोय. तास-दीड तास पुरे. गाड्या धावणारं स्टेशन आहे, फोटोसाठी रुळांवर उतरू नका. तिथून तीर्थहळ्ळीमार्गे दुपारी आगुंबे. सूर्यास्त पॉइंटला त्याच संध्याकाळी जाऊन या, म्हणजे दुसरा अख्खा दिवस फ्रेमना मोकळा राहतो.

परतीला पहाटे निघा. सातारा ते कागल रस्त्याच्या सहापदरीकरणानं वेळेचे सगळे हिशेब बिघडतात, त्यामुळे गुगल दाखवतं त्यात दोन तास घाला. खर्चाचा हिशेब हुबळीच्या आधी गाडीतच मिटवा, पुण्यात पोचल्यावर कुणी फोन उचलत नाही. आणि कोल्हापूर जवळ आलं की मागच्या सीटवरून अंबाबाईचं दर्शन निघणार, त्यामागून तांबडा-पांढरा निघणार. हे हवं असेल तर एक दिवस आधीच वाढवा आणि पैसेही तसेच घ्या.