आखडलेल्या बोटांनी हिरड्या कशा सांभाळायच्या

मी कराडला ब्लाउज शिवते. रूमेटॉइड संधिवात आहे, म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो, त्यामुळे सकाळी उठल्यावर बराच वेळ कात्री धरवत नाही, मग ब्रश कुठला फिरायला! त्यात हिरडीतून रक्त आलं की माणूस घाबरून तेवढी जागा घासायची सोडतो, नि मळ नेमका तिथंच बसतो.

आपल्यासारख्या संधिवातवाल्यांना हे परवडणारं नाही. हिरड्या आतून सडवणारा पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस नावाचा एक जंतू आहे. त्याच्याजवळचं एन्झाइम प्रथिनांतल्या आर्जिनिन या घटकाचं सिट्रुलिन नावाच्या दुसऱ्या घटकात रूपांतर करतं. असं बदललेलं प्रथिन काहींच्या शरीराला परकं वाटायला लागतं आणि त्यावर अँटिबॉडी, म्हणजे परक्या गोष्टीशी लढणारी प्रथिनं, तयार होतात; आपल्या संधिवाताशी त्यांचाच संबंध आहे. आपल्या रिपोर्टात ‘अँटी-सीसीपी’ असतं ना, ती तपासणी याच जातीच्या अँटिबॉडींची. सगळा दोष हिरड्यांचा नाही, आनुवंशिकता आहे, विडी-सिगारेट आहे. हिरड्या सुधारल्या म्हणून संधिवाताच्या गोळ्या मात्र कुणी बंद करू नका.

आता कामाचं. मुख्य घासणं रात्रीवर टाका, तेव्हा बोटं मोकळी असतात. सकाळी आधी कोमट पाण्यात हात बुडवून ठेवा, मग ब्रश घ्या. ब्रश मऊच हवा, पण दांडी जाड करा. मी आधी ब्लाउजच्या कपचा फोम गुंडाळून पाहिला, तो पाणी धरतो आणि वास मारतो. त्यापेक्षा सायकलच्या दुकानातून टाकाऊ ट्यूब आणा, लांब पट्टी कापा आणि दांडीवर ताणून गुंडाळत जा, मूठ सैल मिटली तरी ब्रश निसटणार नाही इतकी जाड. शेवटचं टोक आधीच्या वेढ्याखाली खोचा. रबर धुता येतं, ब्रश बदलला की पट्टी नव्यावर चढवायची. पेस्टची ट्यूब चिमटीत दाबू नका, ओट्यावर आडवी ठेवून तळहाताने रेटा. परवडत असेल तर बॅटरीचा ब्रश घ्या, मनगटाला आराम पडतो.

ब्रशचे केस दात आणि हिरडी जुळतात त्या रेघेवर तिरके टेकवा आणि जागच्या जागी हलकेच थरथरवा. खसाखसा आडवं घासायला ती काही कढई नव्हे. दातांच्या फटीत फिरवायच्या दोऱ्याचा (फ्लॉसचा) नाद सोडा, आपल्या बोटांना तो जमत नाही. दातांच्या फटीत जाणारा बारीक ब्रश मिळतो, तो वापरा. रक्त दिसलं तरी हलक्या हाताने घासत राहा. आठवड्यात थांबलं नाही तर दातांच्या डॉक्टरांकडे जायचंच. आणि मिश्री बंद. आमच्या आळीत बायका तिला दंतमंजन समजतात, पण ती भाजलेली तंबाखूच आहे.

डॉक्टरांची वेळ दुपारकडची मागा. जबड्याचा सांधा धरत असेल तर आधीच सांगा, मध्ये मध्ये तोंड मिटायला देतात. ‘सफाई केली की दात हलतात’ हे ऐकून परत फिरू नका. हललेला दात किटणाच्या आधाराने उभा असतो, एवढंच. दात आणि हिरडी यांच्यातल्या फटीची खोली मोजून कागदावर लिहून मागा: साधारण ३ मिमीपर्यंत ठीक, ४ किंवा जास्त असून रक्त येत असेल तर उपचार लागतो. खर्चाची अडचण असेल तर डेंटल कॉलेजची ओपीडी स्वस्त पडते.

जाताना औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्या. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध घेत असाल तर ते तोंडाने सांगा, चिठ्ठीवर विसंबू नका, कारण को-ट्रायमोक्साझोलसारखी अँटिबायोटिक त्यासोबत धोक्याची ठरते. हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर दात काढायच्या आधी सांगा, जबड्याचं हाड भरून यायला अडचण होऊ शकते. तोंडात छाले येत असतील तर ते संधिवाताच्या डॉक्टरांनाही दाखवा, मेथोट्रेक्सेटनेही येतात. स्टेरॉइड मनाने थांबवू नका, दात काढायचा असला तरी.