युरोरॅकचा फिल्टर ५यू पॅनेलवर बसवताना

माझी मॉड्युलर सिंथेसायझरची (सुटे भाग वायरींनी जोडून आवाज तयार करणाऱ्या वाद्याची) रॅक ५यू या मोठ्या मापाची, हाती लागलेला फिल्टर (आवाजाचा काही भाग गाळणारा) मात्र युरोरॅक या छोट्या मापाचा: उंची १२८.५ मिलिमीटर, जॅक ३.५ मिलिमीटरचे, वीज ±१२ व्होल्ट. रॅकचे जॅक ६.३५चे, वीज ±१५. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका मामांकडून ॲल्युमिनियमचं पॅनेल कापून आणलं. ("कसला स्विचबोर्ड हाय ह्यो?") जॅकची वायरिंग तासाभरात उरकली.

घोळ झाला विजेत. १५चे १२ करायला ७८१२ (अधिक बाजूला) आणि ७९१२ (उणे बाजूला) हे व्होल्टेज रेग्युलेटर घेतले, दोन्ही थेट पॅनेलला आवळले. चालू करताच उणे बाजू गायब! ७८१२ची धातूची पाठ ग्राउंडला जोडलेली असते, ७९१२ची इनपुटला. जॅकमुळे पॅनेल ग्राउंडला, म्हणजे उणे १५ सरळ शॉर्ट. वीज पॅनेलमध्ये उतरू नये म्हणून ७९१२खाली अभ्रकाचा तुकडा, स्क्रूला प्लॅस्टिकचा वॉशर घातला. आता मीटर उणे ११.९६ दाखवतो.