ऑनलाइन साधनं वापरून लहान मुलांना गोष्ट सांगायला कसं शिकवावं

मुलांसाठी गोष्टींच्या वेबसाइट आणि अ‍ॅप्स भरपूर आहेत. पण त्यातली बहुतेक मुलांना गोष्ट ऐकवतात किंवा दाखवतात. मुलाच्या तोंडून गोष्ट यावी, हे काम शिक्षकांना आणि पालकांनाच करावं लागतं. पहिली ते चौथीच्या मुलांबरोबर ते पुढच्या क्रमाने करून बघा.

आधी गोष्ट निवडा

सुरुवातीला स्टोरीवीव्हर उघडा. प्रथम बुक्स या मुलांच्या पुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेने 2015 मध्ये सुरू केलेल्या या साइटवर मराठीसह कितीतरी भाषांतली सचित्र पुस्तकं मोफत आहेत आणि वाचनाच्या चार पातळ्यांनुसार लावलेली आहेत. मूल ज्या पातळीचं वाचू शकतं, त्याच्या एक पायरी खालचं पुस्तक घ्या. सांगताना त्याचं लक्ष गोष्टीत राहायला हवं, अवघड शब्दांत अडकायला नको. इथल्या पुस्तकांना खुला परवाना आहे. त्यामुळे श्रेय देऊन ती डाउनलोड करता येतात, छापता येतात, बदलताही येतात. पुढच्या पायऱ्यांना हे फार उपयोगी पडतं.

स्क्रीन बंद करून तुम्ही सांगा

पुस्तक दोन-तीनदा वाचा, मग बाजूला ठेवा आणि मुलांकडे बघत सांगा. एखादं वाक्य इकडचं तिकडे झालं तरी चालेल. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं हे समजून घ्यायचं असेल तर स्टोरीलाइन ऑनलाइन या वेबसाइटवर अभिनेते मुलांची पुस्तकं कशी वाचतात ते ऐका. पुस्तकं इंग्रजी आहेत, पण थांबण्याची जागा कुठल्याही भाषेत कळते.

मजकूर झाका, चित्रं दाखवा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. पुस्तकातला मजकूर कागदाने झाका आणि फक्त चित्रांवरून गोष्ट सांगायला सांगा. सुरुवातीला बहुतेक मुलं म्हणतात, "हे मांजर आहे. हे झाड आहे. मांजर झाडावर आहे." ही झाली यादी. लगेच चूक दाखवू नका, प्रश्न विचारा: मांजराला काय हवंय? ते का मिळत नाहीये? मग उत्तर येतं, "त्याला खाली यायचंय, पण खाली कुत्रा बसलाय." त्या 'पण'पाशी गोष्ट सुरू झाली! आता "मग काय झालं?" एवढंच विचारत राहा. मूल अडलं तर गप्प राहून वाट बघा. आपण शब्द पुरवला की मूल आपल्या तोंडाकडे बघायला लागतं, आणि गोष्ट त्याची राहत नाही.

एकच गोष्ट बदला

"समजा कुत्र्यालाच मांजराची भीती वाटत असेल तर?" एवढा एक बदल पुरे. फार बदल केले तर लहान मुलांचा धागा सुटतो. असे प्रश्न सुचायला शिक्षकांनी खान अ‍ॅकॅडमी या शिकवण्याच्या वेबसाइटवरचे, पिक्सार या अ‍ॅनिमेशनपट बनवणाऱ्या कंपनीच्या 'पिक्सार इन अ बॉक्स'मधले कथाकथनाचे मोफत धडे जरूर बघावेत.

स्वतःची गोष्ट रचा

पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी स्क्रॅचज्युनियर हे मोफत अ‍ॅप आहे. त्यात चित्रांचे ठोकळे जोडून पात्रं हलवता येतात आणि स्वतःचा आवाजही भरता येतो. एका प्रकल्पात जास्तीत जास्त चार पानं मिळतात आणि ही मर्यादा फार कामाची आहे: कोण आहे, अडचण काय, त्याने काय केलं, शेवटी काय झालं. ही चार चित्रं आधी कागदावर काढून घ्या. थेट अ‍ॅप उघडलं तर सगळा वेळ पात्रं रंगवण्यात जातो. मोठ्या मुलांना स्टोरीवीव्हरवरच्या चित्रसंग्रहातून चित्रं निवडून स्वतःचं पुस्तक करू द्या.

पुन्हा तोंडी

तयार झालेली गोष्ट मुलाने स्क्रीनशिवाय दोन-तीन मित्रांना सांगावी. अख्ख्या वर्गासमोर लगेच उभं करू नका. फोनवर रेकॉर्ड करून त्यालाच ऐकवा आणि "यात काय बदलशील?" असं विचारा. व्याकरणाच्या दुरुस्त्या त्या दिवशी नकोत. रेकॉर्डिंग घरात किंवा वर्गातच राहू द्या. कुठे खातं उघडावं लागलं तर ते मोठ्यांनी स्वतःच्या नावाने उघडावं, आणि मुलाचं पूर्ण नाव, फोटो किंवा शाळेचं नाव कुठेही टाकू नये.