कोकणच्या दमट हवेत फायर स्किंक पाळताना

फायर स्किंक ही पश्चिम आफ्रिकेतील जंगलांत आढळणारी सापसुरळी आहे. सोनेरी-तपकिरी पाठ आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या लालभडक कुशी यांमुळे ती पाहताक्षणी मनात भरते. परंतु ती लाजरी असते, दिवसाचा बराच वेळ मातीत दडून काढते आणि नीट सांभाळल्यास १५ वर्षांपर्यंत जगू शकते, याचा विचार आणण्यापूर्वीच करावा. आपल्या परसातली सापसुरळी, जिला पुष्कळजण सापाची मावशी म्हणून घाबरतात, ती विषारी नसते. तिला पकडून पाळू नये. विदेशी प्राण्याची पावती जपून ठेवावी आणि घेतलेली जात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या चौथ्या अनुसूचीत (आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जातींच्या यादीत) असल्यास केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर तिची नोंदणी करावी.

एका प्रौढ स्किंकसाठी सुमारे ९० सेंटीमीटर लांब व ४५ सेंटीमीटर रुंद काचेची पेटी पुरते. लाकडी पेटी पावसाळ्यात फुगते आणि तिची दारे अडकतात. तळाशी नारळाच्या सोडणाचा बारीक भुसा व माती यांचा १० ते १५ सेंटीमीटरचा थर द्यावा आणि वर फणसाचा वाळका पातेरा पसरावा. हापूसच्या बागेतला पातेरा मात्र वापरू नये, कारण मोहोराच्या काळात तेथे कीटकनाशकांची फवारणी होते. मुंग्यांसाठी आपला जुनाच उपाय करावा: पेटीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत.

परदेशी पुस्तिकांचा सारा भर पाणी फवारण्यावर असतो, कारण तेथील गरम केलेल्या घरांत हवा कोरडी पडते. पहिल्या पावसाळ्यात मीही सकाळ-संध्याकाळ निष्ठेने फवारणी केली. आठवड्याभरात पातेऱ्यावर पांढरी बुरशी धरली आणि स्किंकच्या पोटाखालचे खवले तपकिरी पडू लागले. या प्राण्याला ६० ते ७० टक्के आर्द्रता मानवते, आणि आपल्याकडे जुलैमध्ये ती खोलीतच याहून जास्त असते. म्हणून जून ते सप्टेंबर फवारणी थांबवावी, झाकण जाळीचे ठेवावे, उष्णतेच्या दिव्याखालची बाजू कोरडी राखावी आणि पेटीत आर्द्रतामापक लावावा. ओलावा फक्त दुसऱ्या टोकाच्या लपणीत, शेवाळाच्या मुठीपुरता असावा.

दिव्याखाली ३२ ते ३५ अंश सेल्सियस आणि दुसऱ्या टोकाला २४ ते २७ अंश तापमान ठेवावे. दिव्याला थर्मोस्टॅट जोडावा. पावसात रात्री वीज गेली तर फारसे बिघडत नाही, कारण किनाऱ्यावरच्या रात्री तेव्हाही उबदार असतात. खरी काळजी मे महिन्यात घ्यावी लागते: पत्र्याखालच्या खोलीत पेटी ठेवू नये आणि दुपारी उष्णतेचा दिवा बंद करावा. अतिनील किरणांची नळी मात्र रोज चालू ठेवावी आणि उजेड दिसत असला तरी वर्षाने बदलावी.

विकत मिळणारे किंवा घरी वाढवलेले रातकिडे, झुरळे आणि गांडुळे हा मुख्य आहार होय. पिल्लांना रोज, तर प्रौढांना दोन-तीन दिवसांआड खाऊ घालावे; किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरावी. घरातली झुरळे देऊ नयेत, कारण ती कुठल्या औषधातून फिरून आली ते कळत नाही. पावसाच्या तोंडावर झाडे उजळवणारे काजवेही पेटीत जाऊ देऊ नयेत. काही काजव्यांच्या अंगातील विष सरड्यांच्या जिवावर बेतते.

हाताळणी कमीत कमी करावी, शेपटीला हात लावू नये, कारण ती तुटते, आणि नंतर साबणाने हात धुवावेत, कारण या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जीवाणू असू शकतात. कात टाकून झाल्यावर मात्र पायांची बोटे भिंगातून पाहावीत. टोकाशी जुन्या कातडीचे दोऱ्याएवढे कडे उरले, तर ते आवळून रक्तपुरवठा थांबतो आणि बोट झडते. असे कडे दिसल्यास स्किंकला पोटापर्यंतच येईल इतक्या कोमट पाण्यात १० मिनिटे ठेवावे आणि ओल्या कापसाने बोट मुळाकडून टोकाकडे हलकेच चोळावे. कडे सुटले नाही, तर ओढू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजवावे.