वारा फिरत असताना टेकऑफ: या चुका टाळा

११ एप्रिल १९९६ ला सकाळी अमेरिकेतल्या शायान विमानतळावरून उडालेलं सेसना १७७बी थोड्याच वेळात कोसळलं. विमान चालवत अमेरिका ओलांडायला निघालेली सात वर्षांची जेसिका डब्रॉफ, तिचे वडील आणि इन्स्ट्रक्टर तिघंही गेले. चर्चा झाली ती मुलीच्या वयाची. पण विमान त्या वेळी इन्स्ट्रक्टरच्या हातात होतं, असा तिथल्या अपघात चौकशी मंडळाचा, म्हणजे एनटीएसबीचा निष्कर्ष होता. त्यामुळे नवशिक्यांइतकाच परवानाधारकांनीही तो अहवाल वाचावा, असं मला वाटतं.

टॉवरने सांगितलेला वारा गृहीत धरणं

धावपट्टी ३० (म्हणजे होकायंत्रावर सुमारे ३०० अंशांकडे तोंड) आणि वारा २८० अंशांवरून, म्हणजे जवळजवळ समोरूनच. वेग २० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी), झोत ३० पर्यंत. कागदावर हे बरं दिसतं. पण वादळ जवळ आलं होतं आणि नुकत्याच उडालेल्या दुसऱ्या वैमानिकाने एअरस्पीड (हवेच्या तुलनेत विमानाचा वेग) १५ नॉटने वर-खाली होत असल्याचं कळवलं होतं. लहान विमानात चढतानाचा वेग आणि स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान पेलू शकत नाहीत) यांत फरक असतोच किती? असा रिपोर्ट ऐकला की इंजिन बंद करून चहा घ्यावा. वादळ ओसरेपर्यंत थांबायचं. एरवी धावपट्टीवर शिरण्यापूर्वी वारा पुन्हा विचारा आणि दोन्ही टोकांचे विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारे कापडी नळे) बघा. ते वेगवेगळ्या दिशा दाखवत असतील तर वारा अजून ठरलेला नाही.

वजन आणि हवेची विरळता वेगवेगळी मोजणं

शायान सहा हजार फुटांहून उंच आहे. त्या सकाळी डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळतेनुसार विमानाला जाणवणारी उंची) ६,६७० फूट होती आणि विमानात मर्यादेपेक्षा ९६ पौंड, म्हणजे सुमारे ४४ किलो जास्त वजन होतं. इन्स्ट्रक्टरला सवय कॅलिफोर्नियातल्या समुद्रकाठच्या हाफ मून बे विमानतळाची. आपल्याकडे एवढी उंची नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. १,००० फुटांवरच्या धावपट्टीवर ४० अंश तापमान असेल तर विमानाला ती सुमारे ४,२०० फुटांवर असल्यासारखी वाटते. मे महिन्यातल्या विदर्भात हे नेहमीचंच, आणि वळवाच्या पावसाआधी वारा फिरतो तोही त्याच दिवसांत.

एलेरॉन लवकर सरळ करणं

आडव्या वाऱ्यात सुरुवातीला एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपा) वाऱ्याच्या बाजूला पूर्ण, मग वेग वाढेल तसं कमी. एकदम सोडलं तर वाऱ्याकडचा पंख उचलला जातो. झोत असतील तर स्थिर वारा आणि झोत यांच्यातल्या फरकाच्या निम्म्याने वेग वाढवून मगच विमान जमिनीवरून उचला. मात्र विमानाच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा.

वेळापत्रकाला निर्णय घेऊ देणं

जेसिकाच्या या मोहिमेत आठ दिवसांत देश ओलांडायचा, टीव्हीवाल्यांना वेळा दिलेल्या. हा दबावही कारणीभूत असल्याचं एनटीएसबीने लिहिलं आहे.

जमिनीकडे बघून वेग ठरवणं

सगळ्यात फसवी चूक हीच. विमान उजवीकडे वळलं, तसा समोरचा वारा आधी आडवा आणि मग पाठचा होऊ लागला. पाठच्या वाऱ्यात जमीन भराभर मागे सरकते, म्हणून वेग भरपूर आहे असं वाटतं. तेवढ्याच चढाईत अंतर जास्त कापलं जात असल्याने विमान वर जात नाही असंही वाटतं. मग हात आपोआप नाक उचलतो. एअरस्पीड आधीच कमी, त्यात वळण. ३० अंशांच्या बँकमध्ये (वळताना विमानाचा कल) उंची राखताना स्टॉलचा वेग सुमारे सात टक्क्यांनी वाढतो, ४५ अंशांत १९ टक्क्यांनी. या भ्रमाची शक्यता एनटीएसबीनेही मांडली आहे.

उपाय असा: पुरेशी उंची येईपर्यंत सरळ चढा, वळावंच लागलं तर बँक उथळ ठेवा आणि नजर एअरस्पीडच्या काट्यावर. काटा पडला तर नाक खाली. जमीन जवळ असताना हात नेमकं उलटं करू पाहतो, म्हणून याचा सराव इन्स्ट्रक्टरबरोबर भरपूर उंचीवर आधीच करून ठेवा.