हेल्मेटवर कॅमेरा बसवण्याआधी तो सुटेल कसा, ते ठरवा

"हेल्मेटवर कॅमेरा कसा लावू?" असं विचारणारा जवळजवळ प्रत्येक स्कायडायव्हर (विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारणारा) लगेच पुढे म्हणतो, "उडीत पडणार तर नाही ना?" प्रश्न रास्त आहे. पोटावर पडताना ताशी १९०-२०० किलोमीटरचा वारा अंगावर येतो, आणि डोकं खाली करून उडणाऱ्यांना तर त्याहून बराच जास्त. खाली माणसं असतात, त्यामुळे कॅमेरा निसटणं ही साधी गोष्ट नाही. पण त्याहून वाईट गोष्ट म्हणजे सुटायला हवा तेव्हा न सुटणारा कॅमेरा. पॅराशूटची लाइन (दोरी) त्याच्यामागे अडकली, तर तुमची मान पॅराशूटला बांधली गेली असं समजा.

हे मला माझ्या रिगरनी, म्हणजे पॅराशूट तपासून पॅक करणाऱ्या तंत्रज्ञांनी, शिकवलं. माझं पहिलं माउंट मी स्वतःच बसवलं होतं. डोक्याच्या मधोमध चिकटपट्टीचा बेस, त्यावर उंच फ्रेम आणि बाजूला बाहेर आलेला लांब दांड्याचा स्क्रू. रिझर्व्ह (राखीव पॅराशूट) पॅक करून घ्यायला मी गेले तेव्हा हेल्मेट टेबलावर ठेवलं होतं. त्यांनी काही न बोलता जुन्या लाइनचा हातभर तुकडा घेतला, दोन्ही टोकं धरून ताणला आणि मानेच्या बाजूने कपाळाकडे अलगद ओढत आणला. लाइन स्क्रूच्या दांड्याखाली शिरली आणि तिथेच थांबली. त्यांनी जरा जोर लावला तेव्हा अख्खं हेल्मेट टेबलावरून उचललं गेलं. मग म्हणाले, "आता यात तुझं डोकं आहे असं समज." त्या दिवशी मी ते माउंट उखडून टाकलं.

आता कामाचं बोलू. सुरुवात कॅमेऱ्यापासून न करता हेल्मेटपासून करा. हेल्मेट सैल असेल तर जगातलं कुठलंही माउंट हललेलंच चित्र देईल. हेल्मेट घाला, पट्टा आवळा, दोन्ही हातांनी ते डावी-उजवीकडे फिरवून बघा. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली तर बसणं बरोबर. हेल्मेट कातडीवरून घसरलं तर आतलं पॅडिंग बदला किंवा लहान माप घ्या. पट्टा जास्त आवळून ही उणीव भरून काढू नका. तसं केलं तर ओपनिंगच्या (पॅराशूट उघडण्याच्या) वेळी सगळा ताण हनुवटीवर येतो.

जागा कुठली, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझं मत सांगते. डोक्यावर, पण अगदी बुटका बसवलेला कॅमेरा नवख्याला सोपा जातो, कारण वजन मानेच्या रेषेत राहतं. त्याचा धोका मागून आणि वरून येणाऱ्या लाइनचा. बाजूला लावला तर वजन एकीकडे पडतं, मान दिवसअखेर भरून येते आणि दारातून बाहेर पडताना चौकटीला आपटतो. फुल-फेस हेल्मेटच्या हनुवटीवरचा कॅमेरा लाइनपासून त्यातल्या त्यात दूर असतो. पण तो घालून एकदा हार्नेससकट (पॅराशूटच्या अंगावरच्या पट्ट्यांसकट) आरशासमोर उभे राहा आणि कटअवे (बिघडलेलं मुख्य पॅराशूट सोडून देण्याचं) व रिझर्व्हचे हँडल बघा. कॅमेऱ्यामुळे ते दिसत नसतील तर ती जागा तुमच्यासाठी नाही. संकटात हँडल आधी डोळ्यांनी शोधायचं असतं.

चिकटवण्याचं काम घाईत करू नका. व्हीएचबी जातीची फोमची चिकटपट्टी योग्य पृष्ठभागावर कमालीची पकड धरते, पण ती पकड हळूहळू येते. साधारण २० मिनिटांत निम्मी, २४ तासांत नव्वद टक्के आणि पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. म्हणजे शनिवारी उडायचं असेल तर बुधवारी चिकटवा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समसमान घेऊन जागा पुसा, वाळू द्या, बोट लावू नका. खोली गार असेल तर चिकटपट्टी नीट पसरत नाही. वीस अंशांच्या वरचं तापमान हवं. सपाट जागेला सपाट बेस, गोलाईला गोल बेस. गोल हेल्मेटवर सपाट बेस दाबून बसवला की कडा उचलायचा प्रयत्न करत राहतात आणि एखाद्या उन्हाच्या दिवशी उचलतातच. मॅट किंवा खरबरीत रंगावर ही पट्टी धरत नाही, तिथे स्क्रूचाच मार्ग घ्यावा लागतो. आणि पॉलिकार्बोनेटचं हेल्मेट असेल तर ॲसिटोनने पुसण्याचा विचारसुद्धा करू नका, त्याने प्लॅस्टिकला बारीक तडे जातात.

हेल्मेटला भोक पाडून बोल्ट लावायचा असेल तर आधी उत्पादकाने त्या हेल्मेटसाठी माउंटची पट्टी दिली आहे का, ते बघा. नसेल तर हे काम रिगरला विचारूनच करा. आत येणारं बोल्टचं टोक तुमच्या कवटीकडे तोंड करून असतं. त्यामुळे आतल्या बाजूला चपटं, गोल डोकं, खाली रुंद वॉशर आणि वरून अस्तर हवंच. नट बाहेरच्या बाजूला घ्या आणि नटाबाहेर आलेला दांडा कापून, कानशीने घासून गुळगुळीत करा.

फ्रेमच्या स्क्रूबद्दल माझा आग्रह आहे. हाताने फिरवायचा लांब दांड्याचा स्क्रू काढा आणि त्याजागी आखूड बोल्ट लावा, आत नायलॉनची कडी असलेला नट. स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लोक त्यावर लॉकिंगचा द्रव टाकतात. धातूला तो चालतो, पण पॉलिकार्बोनेट आणि एबीएससारख्या प्लॅस्टिकला त्यानेही तडे जाऊ शकतात. आवळून झाल्यावर नट आणि फ्रेम यांच्यावरून रंगीत पेनाने एक आडवी रेघ ओढा. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

यानंतर येतं ते खरं काम, फट भरण्याचं. कॅमेऱ्याची फ्रेम आणि हेल्मेट यांच्यामध्ये मागून-पुढून जी पोकळी राहते, तिथेच लाइन शिरते. कडक फोमचे पाचरीच्या आकाराचे तुकडे कापा. उतार असा द्या की मागून येणारी लाइन त्यावरून वर चढून निघून जाईल. कडेला सिलिकॉन भरा. नुसती टेप लावून गुळगुळीत दिसतं, पण ती उन्हात सुटते. मी टेप एक-दोन उड्यांपुरतीच मानते.

आणि मग लाइनची परीक्षा. लाइनचा तुकडा दोन्ही हातांत ताणून मागून, पुढून, दोन्ही बाजूंनी, तिरका, खालून वर असा हेल्मेटवर फिरवा. एकदा घट्ट ताणून, एकदा सैल फास करून. सैल फास जास्त चुका पकडतो, कारण ट्विस्ट झालेल्या (लाइनना पीळ पडलेल्या) ओपनिंगमध्ये लाइन अशीच डोक्याभोवती येते. जिथे थांबेल तिथे खूण करा, भरा, घासा, पुन्हा फिरवा. माझ्या आताच्या हेल्मेटवर ही परीक्षा पास व्हायला तीन संध्याकाळी लागल्या. शेवटची अडचण निघाली ती कॅमेऱ्याच्या बॅटरीच्या दाराच्या कडेला, नखाएवढ्या उंचवट्यात.

कॅमेऱ्याला सुरक्षेसाठी दोरी बांधायची का, असं मला वारंवार विचारलं जातं. नको. दोरी म्हणजे तयार फास. कॅमेरा दोरीच्या भरवशावर राहू शकत असेल तर माउंट कच्चं आहे.

एवढं करूनही काहीतरी अडकू शकतं, म्हणून सुटका हवी. हनुवटीच्या पट्ट्याला एका ओढीत उघडणारी कटअवेची सोय असलेलं हेल्मेट घ्या, म्हणजे अडकलेलं हेल्मेट डोक्यावरून सोडून देता येतं. काही माउंटमध्ये फक्त कॅमेरा सुटतो. तेही चांगलं, पण लाइन हेल्मेटच्या कडेला अडकली असेल तर त्याचा उपयोग नाही, म्हणून मी पट्ट्याची सुटका अनिवार्य मानते. ती सराव करून ठेवा. हातमोजे घालून, डोळे मिटून, दुसऱ्या माणसाला हेल्मेट वर ओढायला सांगून. ताण असताना पट्टा सुटतो का, हे जमिनीवरच कळायला हवं. आणि रिझर्व्ह उघडण्याआधी हेल्मेट सोडायचं की नाही, हा क्रम तुमच्या प्रशिक्षकाबरोबर बसून, जमिनीवर ठरवा.

मला ती सोय एकदा वापरावी लागली. ओपनिंगला खांदा खाली गेला होता, लाइन ट्विस्ट झाल्या आणि एक रायझर (खांद्यापासून लाइनपर्यंत जाणारा पट्टा) हेल्मेटच्या मागच्या कडेवर दाबून बसला. हनुवटी छातीकडे दाबली गेली, वर बघताच येईना. पट्टा ओढला, हेल्मेट गेलं, मान मोकळी झाली, ट्विस्ट सोडवले आणि उतरले. हेल्मेट शेतात सापडलं. कॅमेऱ्याच्या काचेला एक तडा होता, बाकी ठीक होतं. तेव्हापासून माझ्या हाताला तो पट्टा शोधावा लागत नाही, कारण प्रत्येक उडीआधी विमानात मी एकदा तिथे हात नेते.

मानेचा विचार वजनानेही करा. लहान ॲक्शन कॅमेरा दीडशे ग्रॅमच्या आसपास असतो, त्यामुळे तो जाणवतही नाही. मोठा फोटो कॅमेरा आणि लेन्स लावली की वजन किलोच्या घरात जातं, आणि कडक ओपनिंगच्या क्षणी ते मानेवर कितीतरी पटीने येतं. पॅकिंग नीटनेटकं करा, कॅनोपी (पॅराशूटचं कापड) सावकाश उघडेल असं. ओपनिंगच्या वेळी डोकं सरळ, समोर. वर बघायचा मोह होतो, पण मागे झुकलेल्या मानेवर झटका बसला की दुखणं महिनाभर राहतं.

कॅमेऱ्याच्या रक्षणाला तुलनेने थोडी काळजी पुरते. १३,००० फूट म्हणजे सुमारे ४ किलोमीटर. दर किलोमीटरला तापमान साधारण साडेसहा अंश उतरतं धरलं तर जमिनीवरचे ३० अंश वर चार-पाच होतात. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून ती चढताना खिशात, अंगाजवळ ठेवते आणि रेकॉर्डिंगच्या जरा आधी घालते. गार कॅमेरा दमट हवेत आला की काच धुरकटते. केस बंद असेल तर आत ओलावा शोषणारी पुडी ठेवा. भिंगावर बदलता येणारी काच लावा, म्हणजे ओरखडा तिच्यावर पडतो. पुसताना आधी फुंकणीने धूळ उडवा, मगच मायक्रोफायबर. शर्टाच्या बाहीने नको. बंद गाडीत हेल्मेट ठेवू नका, बॅटरी आणि चिकटपट्टी दोन्ही खराब होतात. गवतावर ठेवताना भिंग नेहमी वर.

विमानात टेकऑफच्या वेळी हेल्मेट डोक्यावर किंवा पट्ट्यात अडकवलेलं हवं. मोकळं सुटलेलं कॅमेऱ्याचं हेल्मेट धक्क्यात दुसऱ्याच्या तोंडावर जातं. रेकॉर्डिंग दारात पोचण्याआधी सुरू करा आणि दिवा लागला का, ते शेजाऱ्याला विचारा. दारात कॅमेऱ्याचा विचार डोक्यात नको. १९८८ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात ८०० हून जास्त उड्या मारलेला एक कॅमेरामन पॅराशूट न घालताच विमानातून बाहेर पडला. कॅमेऱ्याचं सामान त्याच्या अंगावर होतं. म्हणून माझी तपासणी ठरलेली आहे. आधी मुख्य पॅराशूट सोडणारं तीन कड्यांचं रिलीज, हार्नेसचे तीन पट्टे, तीन हँडल (मुख्य पॅराशूट, कटअवे, रिझर्व्ह). कॅमेरा त्यानंतर.

युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन कॅमेरा घेण्याआधी सी लायसन्स या वरच्या पायरीच्या परवान्याची शिफारस करते, आणि त्या लायसन्सला किमान २०० उड्या लागतात. छोटा कॅमेरा म्हणजे कॅमेरा नव्हे, असं समजून लोक तीसाव्या उडीला तो चिकटवतात, याचं मला फार वाईट वाटतं. लाइनला कॅमेरा केवढा आहे, याने फरक पडत नाही. २०० पूर्ण झाल्यावरही पहिल्या काही उड्या एकट्याने आणि कॅमेरा बंद ठेवून मारा. तेवढ्यात वजन, वारा आणि ओपनिंग अंगवळणी पडतं.

दर उडीनंतर मी हेल्मेट काढते आणि सगळ्यात आधी ती रंगीत रेघ बघते, मग बेसच्या चारही कडांवरून नख फिरवते. रेघ तुटलेली असेल किंवा नख कडेखाली शिरलं, तर त्या दिवशी कॅमेरा काढून पिशवीत ठेवते आणि पुढची उडी कॅमेऱ्याशिवाय मारते.