कुत्र्या-मांजराला मधमाशी किंवा गांधीलमाशी डसली तर: घरात आधीच करून ठेवायची तयारी

यादीत पहिलं सामान येत नाही, वजन येतं. आपल्या कुत्र्याचं किंवा मांजराचं सध्याचं वजन लसीकरणाच्या पुस्तकात लिहून ठेवा. जनावराला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. औषधाचा डोस वजनावर ठरतो, म्हणून डॉक्टर फोनवर हे विचारणारच. त्याच पानावर तीन नंबर हवेत: नेहमीच्या डॉक्टरांचा, रात्री आणि रविवारी उघडा असणाऱ्या दवाखान्याचा, आणि जनावर बसवून नेणाऱ्या एखाद्या ओळखीच्या रिक्षावाल्याचा. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या बोळांत राहणाऱ्यांनी हा तिसरा नंबर हलक्यात घेऊ नये. पाटीवर ‘२४ तास’ लिहिलेलं असलं तरी रात्री तिथे खरंच डॉक्टर असतात का, ते एकदा विचारून घ्या. आणंदच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं नाव मोठं आहे, पण बडोद्याहून ते साधारण ४० किलोमीटर. श्वास अडकलेल्या जनावराला पहिलं इंजेक्शन गावातच मिळायला हवं. भटक्या कुत्र्यासाठी गुजरातेत १९६२ हा करुणा अँब्युलन्सचा नंबर आहे, तोही शेजारी लिहा.

दुसरी तयारी हिरड्यांची, आणि ही सगळ्यांनी करावी असं मला मनापासून वाटतं. जनावर निवांत असताना वरचा ओठ हलकेच वर करा आणि दाताच्या वरची हिरडी बोटाने दाबा. ती पांढरी पडते. बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळात काळ्या असतात, तिथे खालच्या पापणीची आतली बाजू बघा. रोजचा रंग डोळ्यांत बसला असेल तर फिकटपणा चटकन ओळखता येतो. शिवाय तोंडाला हात लावायची जनावराला सवय होते, आणि माशी नेमकी नाकावर, ओठावर, नाहीतर पंजावर डसते.

सामान थोडंच लागतं. जुनं एटीएम कार्ड, बारीक चिमटा, टॉर्च, स्वच्छ फडकी, फ्रीजरमध्ये बर्फ. मांजर असेल तर तिची पेटी माळ्यावर न ठेवता खाली उघडी ठेवा. ओळखीच्या पेटीत ती घाईच्या वेळी मुकाट्याने बसते.

मधमाशीच्या काट्याला दाते असतात. तो विषाच्या पिशवीसकट कातडीत राहतो आणि माशी उडून गेल्यावरही विष सोडत राहतो. केस बाजूला सारले की फुगलेल्या जागी मधोमध बारीकसा काळपट काटा दिसतो. कार्डाच्या कडेने खरवडून काढा. कार्ड हाताशी नसेल तर नखाने काढा. कशाने काढला यापेक्षा किती लवकर काढला हे महत्त्वाचं. गांधीलमाशी काटा ठेवत नाही, पण पुन्हापुन्हा डसते, म्हणून आधी जनावराला तिथून हलवा. मग फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं, मधूनमधून उचलत. तोंड किंवा मान सुजत असेल तर पट्टा लगेच सोडा आणि तोंड बांधू नका.

घरगुती उपायांपैकी कांदा चोळणं पूर्ण बंद. जनावर ती जागा चाटणार, आणि कांदा कुत्र्या-मांजरांना विषारी आहे. चुना आणि कापराचा बामही नको. माणसांची पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेऊ शकते, आयबुप्रोफेन कुत्र्याला घातक. ॲलर्जीची गोळी द्यायची की नाही, कोणती आणि किती, हे पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांकडून पुस्तकात लिहून घ्या. सर्दीचं औषध मिसळलेली गोळी कधीच नाही.

नुसती डसल्या जागेची सूज एक-दोन दिवसांत उतरते. धोक्याची लक्षणं बहुधा पहिल्या अर्ध्या तासात दिसतात, म्हणून तेवढा वेळ जवळून हलू नका आणि पुढे दिवसभर लक्ष ठेवा. अंगावर पित्तासारख्या गांधी उठणं, तोंड सुजणं, उलटी, जुलाब, पाय लटपटणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, धाप लागणं. कुत्र्याला एकाएकी उलटी-जुलाब झाले की पोट बिघडलं असेल म्हणून थांबू नका. माशी डसल्यावर तेच गंभीर ॲलर्जीचं पहिलं चिन्ह असू शकतं. मांजर तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागली तर फोन वाटेत करा. तोंडाच्या आत किंवा घशात डसली असेल, किंवा एकाच वेळी पुष्कळ माश्या डसल्या असतील, तर लक्षणांची वाट न बघता निघा. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या बाबतीत तर जराही उशीर नको.

कमाटीबागेत किंवा जुन्या वडाखाली फिरवताना एकदा वर नजर टाकायची सवय लावा. उंच फांदीला नाहीतर इमारतीच्या छज्जाखाली लोंबणारं आग्या मोहोळ दिसलं तर दोरी आखूड धरून रस्ता बदला. सोसायटीत असलं तर मुलांना दगड मारू देऊ नका, धूरही करू नका. मोहोळ उठलं की पहिली सापडतात ती बांधलेली कुत्री. गच्चीत जनावर साखळीला एकटं ठेवू नका.

डसल्याची तारीख, कुठे डसली आणि काय काय झालं, हे त्याच पुस्तकात लिहा. एकदा ॲलर्जी उठली असेल तर पुढच्या वेळी ती जास्त जोरात येऊ शकते, आणि नवीन डॉक्टरांना ही नोंद पहिल्या भेटीतच दाखवायला हवी.